बेसचा पार्ट तेवढा बरोबर होता

पहिल्या चार सुरांतच पापाच्या तिकटीवरची माणसं हसायला लागली. क्लॅरिनेट आणि कॉर्नेट एकीकडं, सॅक्सोफोन भलतीकडं, आणि खालून दस्तगीरचा बेस तिसरंच काहीतरी बोलत होता. एका घरात तीन भांडणं एकदम लागावीत आणि कुणाचं कुणाला ऐकू जाऊ नये, तसं. ट्रॅक्टरवर गणपती होता, गुलाल उडत होता, गच्च्यांवरनं बायका वाकून बघत होत्या. मास्तरांनी डावी मूठ वर केली. बँड थांबला. मूठ खाली आली, बँड सुरू झाला, आणि पुन्हा तेच.

"मास्तर, सकाळीच घेऊन आलाय व्हय?" गर्दीतनं कुणीतरी ओरडलं.

"ए भोंगंवाल्या, जागा हो की रं!"

हे दस्तगीरला. बाकीचे बरेचसे जण एकाच पट्टीत चुकत होते आणि तो एकटाच वेगळा होता, म्हणून लोकांना वाटलं चुकतोय तोच. दस्तगीर आमचा बेसवाला. अंगाला अजगरासारखं गुंडाळलेलं ते मोठं पितळी भोंगं घेऊन गाल फुगवून तो वाजवतच राहिला. तिसऱ्या खेपेला मास्तरांनी मूठ वर केलीच नाही. त्यांनी बाबूरावांच्या क्लॅरिनेटला चिमट्यानं लावलेला कागद काढून घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि तसाच परत दिला.

मिरवणुकीच्या मागं ट्रॉलीवर ताडपत्री टाकून डॉल्बी उभा केला होता. आडवेळेला असावा म्हणून. मंडळाच्या अध्यक्षानं मागं वळून नुसती मान हलवली. ताडपत्री निघाली. पुढचं मला कानानं ऐकल्याचं आठवत नाही, छातीत आठवतं. बांगड्यांच्या दुकानातल्या काचा थरथरत होत्या, आणि त्या दुकानाच्या पायरीला लागून आमचा बँड उभा होता. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, हातात वाद्यं. मिरवणूक त्यांच्यासमोरनं निघून गेली.

मास्तर म्हणजे माझे मालक. गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, मग मीही तेच म्हणायला लागले.

परवा आमच्या बोळाच्या तोंडाला मांडवाचे बांबू येऊन पडले. बांबू आले की भादवा आला. लोकांना मोदकाचा वास आठवतो, गौरीचा तेरडा आठवतो. मला चिंच आणि राख आठवते. श्रावण लागला की परड्यात सगळी पितळी वाद्यं काढायची, चिंचेचा कोळ आणि राख लावून घासायची आणि उन्हात पालथी घालायची. ऊन नसलं तर चुलीजवळ. नंतर महिनाभर रोज दुपारी परड्यात सराव. पलीकडं म्हशींचा गोठा होता. म्हशी धारेला उभ्या असायच्या आणि इकडं क्लॅरिनेट. गवळी म्हणायचा, "वैनी, तुमच्या बँडाबिगर पान्हा सोडंना झालीया ही." तो थट्टा करत होता की खरं सांगत होता, कुणास ठाऊक. आता त्या जागी पार्किंग आहे.

मी नेसरीची. शाळा चौथीपर्यंत. अक्षर मात्र चांगलं होतं आणि रांगोळीला हात बसलेला. लग्न होऊन कोल्हापूरला आले तेव्हा मास्तरांकडं पाच रेघांच्या कागदांची चळत होती. त्यांचे वडील संस्थानाच्या बँडात होते, त्यांनी पोराला इंग्रजी पद्धतीनं लिहायला शिकवलं होतं. शहरात असे बँडवाले तेव्हाही थोडेच होते. बाकीचे ऐकून पाठ करायचे, आमचे मात्र कागद बघून बसवायचे.

त्या कागदांत दोन जाती. एक स्कोअर. त्यात सगळ्या वाद्यांचं एकाखाली एक लिहिलेलं असतं, सगळा बँड एका पानावर. दुसरा पार्ट. स्कोअरमधनं ज्याचं त्याला उतरून दिलेलं. क्लॅरिनेटवाल्याला फक्त क्लॅरिनेट, कॉर्नेटवाल्याला फक्त कॉर्नेट. एका पातेल्यातलं ज्याच्या त्याच्या ताटात वाढायचं, तसं. हे वाढायचं काम माझ्याकडं आलं, कारण मास्तरांचं अक्षर त्यांनाच लागत नव्हतं.

मला गाता येत नाही. अजूनही येत नाही. काळी टिकली कुठल्या रेघेवर, एवढंच मी बघायची. पण एक गोष्ट मास्तरांनी पहिल्या दिवशी सांगितली आणि ती मला लगेच कळली. प्रत्येक वाद्याचं माप वेगळं. क्लॅरिनेटवाला कागदावर एक सूर बघून वाजवतो आणि बाहेर येतो त्याच्यापेक्षा खालचा. म्हणून त्याला लिहून देताना वरचा लिहायचा, म्हणजे बाहेर बरोबर येतो. सॅक्सोफोनचं अंतर आणखी जास्त. बेसला मात्र आहे तसंच. मी म्हटलं, म्हणजे आमच्या शेरासारखं. आमच्या गावचा शेर मोठा आणि बाजारातला लहान. भाताचा ढीग तोच, पण घरी मोजला तर कमी भरायचा आणि बाजारात जास्त. माझे वडील कुठल्या मापानं मोजलंय ते आधी विचारायचे आणि मग बोलायचे. मास्तर म्हणाले, "तुला एका दिवसात कळलं. मला बापाच्या काठीनं कळलं."

दुपारी भाकरीचं आवरलं की मी पाट घेऊन दारात बसायची. टाक, काळी शाई, पट्टी. पान कुठं संपवायचं तेही बघावं लागतं. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात, मग पान उलटायला त्याला उसंत पाहिजे. जिथं तो गप्प आहे तिथंच पान संपवायचं. आणि कुणी बराच वेळ गप्प असला तर त्याच्या पार्टात दुसऱ्याचे सूर बारीक अक्षरात लिहून द्यायचे. ते वाजवायचे नसतात. दुसरा काय वाजवतोय ते ऐकायचं आणि आपली पाळी कधी येते ते ओळखायचं, एवढ्यासाठी ते असतात. मला ते बारीक सूर काढायला फार आवडायचं. मास्तर गेल्यावर बरेचदा वाटलं, माझ्याही कागदावर कुणीतरी असे लिहून ठेवायला हवे होते. आपण गप्प असतो तेव्हा बाकीचे कुठवर आलेत, ते काही कळत नाही.

मग मला मोतीबिंदू झाला. आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्यात. रेघा पाचाच्या सहा दिसायला लागल्या, टिकल्या पुसल्यासारख्या. ऑपरेशन करायचं ठरत होतं आणि पुढं जात होतं. त्याच साली मंडळाचा नवा अध्यक्ष घरी आला. पोरगा चांगला होता, मी त्याला वाईट म्हणणार नाही. चहा घेतला, पाया पडला आणि म्हणाला, "मास्तर, पोरास्नी डॉल्बी पायजे. म्या म्हटलं, एक डाव मास्तरांस्नी इचारू. कायतरी नवं काडा. माणसं थांबली पायजेत रस्त्यात. आगमनाला तुमी जमवून दावा, विसर्जन तुमचंच."

"आणि न्हाई जमलं तर?"

"मग माझं कोण ऐकतंय ओ."

शहरातली बाकीची मंडळं आधीच गेली होती. लग्नाची कामंही कमी झाली होती. हे एक मंडळ गेलं की बँड बंद, हे मास्तरांना कळत होतं आणि मलाही. ते हार्मोनियम घेऊन बसले. मास्तरांनी उभ्या जन्मात दुसऱ्यांच्या चाली लिहिल्या. ही पहिली स्वतःची. परड्यातनं ऐकताना मला ती बरी वाटली. बरी म्हणजे, भाकरी थापताना हात आपोआप तिच्या चालीवर पडायला लागले.

पार्ट उतरायला मी नव्हते. वैशाली म्हणाली, "आबा, मी काढून देते. कम्प्युटरवर."

वैशाली आमची एकुलती एक. महाद्वार रोडला एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका आणि हँडबिलं करायची. कुठनंतरी तिनं एक सीडी आणली होती, संगीत लिहायचा प्रोग्राम. सोबत पुस्तक नाही, शिकवायला कुणी नाही, आणि आत सगळं इंग्रजीत. दुकान बंद असायचं त्या वारी मास्तर हार्मोनियम घेऊन तिथं जाऊन बसायचे. ते एकेक ओळ वाजवायचे, ती पडद्यावर टिकल्या मांडायची. सगळं हार्मोनियमच्याच मापानं घालायचं ठरलं, तेच सोपं होतं. बाकीचं मशीन करेल, ती म्हणाली. आणि मशीन करतंही, हे नंतर कळलं.

पण गणपतीचे दिवस. दुकानात वर्गणीच्या पावत्यांची रास पडलेली, वर लोडशेडिंग. श्रावण सरला तरी पार्ट हातात आले नाहीत. सराव झाला तो जुन्या चालींचा. बाबूराव दोनदा विचारून गेले. बाबूराव म्हणजे आमचे क्लॅरिनेटवाले, मास्तरांच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेले. "मास्तर, कागूद बगूनच वाजवायचं म्हंता व्हय रस्त्यात?" मास्तर म्हणाले, "तुला काय अवघड हाय? तू तर झोपंत बी वाचतोस."

चतुर्थीच्या आधी काही दिवस वैशाली आम्हा दोघांना दुकानात घेऊन गेली. वीज होती. मास्तर प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. तिनं एक बटण दाबलं आणि त्या दोन डब्यांतनं सगळा बँड वाजायला लागला. क्लॅरिनेट, कॉर्नेट, बेस, ढोल. आवाज खेळण्यातल्यासारखा होता, पण एकही सूर इकडचा तिकडं नाही. मास्तरांनी डोळे मिटले. संपल्यावर म्हणाले, "आमचा बँड जन्मात इतकं सुरात वाजवला न्हाई." मग म्हणाले, "परत लाव." वैशाली हसली. मला ते तिचं हसणं अजून दिसतं, आणि दिसलं की मी उठून काहीतरी कामाला लागते.

मशीन स्वतः वाजवतंय ते बरोबर, आणि तेच मशीन माणसाला लिहून देतंय ते चूक, असं होऊ शकतं हे आम्हा तिघांपैकी कुणाला माहीत असणार? पडद्यावर एका बारक्या चौकोनात बरोबरची खूण होती. ती असली की सगळ्यांचं एकाच मापानं दिसतं, लिहिणाऱ्याला सोपं जावं म्हणून. पार्ट काढायच्या आधी ती काढायची असते, मग मशीन ज्याचं त्याला त्याच्या मापानं देतं. ती खूण तशीच राहिली. सगळ्यांना एकाच शेरानं मोजलेलं वाढलं गेलं. ज्याचं माप तेच होतं, त्या बेसचा पार्ट तेवढा बरोबर निघाला.

पार्ट आले ते चतुर्थीच्या सकाळी. पांढरेशुभ्र कागद, ठसठशीत टिकल्या, प्रत्येकाच्या डोक्यावर वाद्याचं नाव छापलेलं. बारीक पाऊस होता म्हणून तिनं एकेक कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला होता. बँडवाले हात पुसून घेत होते. माझ्या शाईच्या कागदांना त्यांनी कधी हात पुसले नव्हते. गंगावेशीत कुंभाराच्या दारात, गणपती ट्रॅक्टरवर चढत असताना, बाबूरावांनी कागद वर धरला. नवी चाल तिकटीवर धरायची होती, तिथवर जुन्याच.

"मास्तर, सुरवातीलाच दोन फ्लॅटच्या खुणा दिसत्यात. माझ्या पार्टात हे कशाला?"

मास्तरांनी बघितलं. त्या खुणा हार्मोनियमच्या मापाच्या, क्लॅरिनेटच्या मापात त्या नसतात, हे त्यांना कळायला हवं होतं. पण ते छापलेलं होतं. हातानं लिहिलेलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथं शाईनं खोडलं असतं, मला चार शब्द सुनावले असते. छापलेल्यावर कुणी रेघ मारत नाही. ते म्हणाले, "कम्प्युटरनं काडलंय. तू वाजव."

एवढंच. माझ्या डोक्यात ते वाक्य फिरत राहतं, पण त्यातनं काही निघत नाही. एखादा दगड नुसता इकडचा तिकडं हलवत बसावं, तसं.

बांगड्यांच्या दुकानापाशी वैशालीही उभी होती. नवीन ड्रेस घालून आली होती. डॉल्बीच्या आवाजात ती काहीतरी बोलली, मला फक्त तोंड हललेलं दिसलं. घरी आल्यावर मास्तरांनी कोट खुंटीला लावला. माझा एक जुना क्लॅरिनेटचा पार्ट काढला, शेजारी छापलेला ठेवला, आणि तिला बोटानं दाखवलं. ती तशीच उठून दुकानात निघाली. मास्तर म्हणाले, "आगं, कुठं चाललीस? जेव आधी. चूक तुझी न्हाई. वाजवून बघायला पायजे हुतं, ते वाजवून घेणाऱ्यानं बघितलं न्हाई." ती जेवली नाही.

गौरी आवाहनाच्या दिवशी ती सगळे पार्ट पुन्हा घेऊन आली. खूण काढली आणि निमिषात झालं, म्हणाली. मास्तरांनी एकेक पान निरखून बघितलं, उलटायच्या जागासुद्धा. "आता बराबर हाय," म्हणाले. तिनं विचारलं, "आबा, विसर्जनाला?" त्यांनी पानांची चळत नीट करून माझ्याकडं दिली. विसर्जनाला डॉल्बी होता. बरोबर असलेले ते पार्ट कुणी कधी वाजवले नाहीत. मी ते गादीखाली ठेवले, मग माळ्यावर, मग माळ्यावरच राहिले.

आता लोक मला समजावतात. नातेवाईक, शेजारणी. म्हणतात, ती खूण काढली असती तर सगळं वेगळं झालं असतं. मी म्हणते, काही वेगळं झालं नसतं. माणसं थांबली असती, अध्यक्षानं नारळ दिला असता, विसर्जन मिळालं असतं. आणखी एक साल. फार तर दोन. मग डॉल्बी आलाच असता, कारण पोरांना तोच हवा होता आणि पोरांचंच राज्य होतं. पण ते एक साल मास्तरांना हवं होतं, आणि वैशालीला ते द्यायचं होतं. मोठी गोष्ट नव्हती. तीही झाली नाही. याच्यात शिकण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर काहीच नाही.

दिवाळीनंतर वाद्यं विकली. कोट ज्याचे त्याला देऊन टाकले. बाबूराव एका गोडाऊनवर रखवालदार लागले. त्यांचा कोट पुढं त्यांच्या भावाच्या शेतात, मलकापूरच्या वाटेला, बुजगावण्याच्या अंगावर होता. एसटीतनं जाताना मी स्वतः बघितला. झालरी तशाच होत्या. भुईमुगावर राखण करत होता. मास्तर घरातच बसायला लागले. रेडिओही लावायचे नाहीत. साखर होतीच, ती वाढली, पायाची जखम भरेना. पुढच्या साली बांबू पडायच्या आधीच ते गेले. त्यांच्यापुढं वाजवायला बँड नव्हता. कुणीतरी डॉल्बीवाल्याला विचारू का म्हणालं, मी त्याला घराबाहेर काढलं. नुसतेच नेले.

वैशालीनं ती सीडी मोडली नाही की काही नाही, नुसती कुठंतरी टाकली. ती पुण्याला गेली, तिथंच लग्न झालं. खोक्यांवरची चित्रं काढते, बिस्किटं, साबण. दिवाळीला येते, उन्हाळ्यात येते. भादव्यात येत नाही. मी बोलावत नाही. फोनवर आम्ही डोळ्यांच्या ऑपरेशनचं बोलतो. ते झालं नंतर, दोन्ही डोळ्यांचं. आता मला पाचाच्या पाच रेघा दिसतात, आणि त्यांच्यावर लिहायला काही नाही.

परवा मंडळाची एक पोरगी वर्गणीला आली होती. "आज्जी, आवाजावर बंदी आली म्हणून यंदा पारंपरिक वाद्यं आणायची म्हणत्यात. तुमचा बँड हुता म्हणं?"

"हुता."

"कुणी हाय का आता वाजवणारं?"

"न्हाय."

ती पावती देऊन गेली. पावती छापलेली होती, माझं नाव चुकलेलं. मी खोडलं नाही.

दस्तगीर शुक्रवारी नमाज करून येतो. पायरीवर बसतो, चहात पाव बुडवतो. दात गेलेत, दात गेले की बेसवर ओठ धरत नाही. मध्यंतरी भिंतीकडं बघत म्हणाला, "वैनी, माझा पार्ट बराबर हुता की."

"व्हय."

"म्या म्हटलं, आपण धरून ठेवू. येतील मागनं समदी. म्हणून वाजवत ऱ्हायलो."

"मला दिसत हुतं."

"आली न्हाईत."

"चहा घे, गार व्हतोय."

हे आम्ही दर भादव्यात बोलतो. शब्द जवळजवळ तेच असतात. तो हसतो, मी हसत नाही.

बाबूराव गोडाऊनच्या दारातच वारले. कॉर्नेटवाले दोघं एका हिवाळ्यात गेले. सॅक्सोफोनवाला इचलकरंजीला मागावर होता, तोही गेला. ढोलवाला आधीच. मास्तरांचं सांगितलंच. त्या दिवशी बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीशी जे उभे होते, त्यांतले आज तिघं आहेत. पुण्याला वैशाली, आणि इथं दस्तगीर आणि मी.